बांबूला बांधलेली फीत

मी फीत. लाल, साटिनची, चार बोटं रुंद. आमच्या जातीला तुम्ही पाहिलेलं असतं, पण घटकाभरच. आम्हाला दारात ताणून बांधतात, समोर ट्रेमध्ये कात्री ठेवतात, कुणीतरी मोठा माणूस हसत हसत कापतो, टाळ्या वाजतात आणि लगेच आमचे तुकडे तुडवत मंडळी चहाकडे वळतात. फितीचा जन्म असा टाळ्यांपुरता. मी मात्र कापली गेल्यावरच खरी जगायला लागले. म्हणून चार गोष्टी सांगायचा मला हक्क आहे, असं मी समजते. थोडी मिजास आहे माझ्यात. साटिनचा जन्म घेतल्यावर ती यायचीच.

कारखान्यातून मी रिळावर बसून एका दुकानात आले. माझ्या बहिणी वीतवीत, हातहात कापून विकल्या जात. कुणी भेटवस्तूच्या खोक्यावर गेली, कुणी शाळकरी मुलीच्या वेणीत. मला घ्यायला आला एक ठेकेदार. आवाज असा की दुकानाच्या काचा हलाव्यात.

"रुंद द्या हो, चांगल्यातली द्या," तो म्हणाला. "उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार आहेत. फोटोत सगळ्यात आधी फीत दिसते."

मी फुलून गेले. फोटोत यायला कुणाला नको असतं?

या ठेकेदाराने सरकारी खर्चाने एक उपचार केंद्र बांधलं होतं. अर्धांगवायूने ज्यांचा हात-पाय गेला, अपघाताने ज्यांची चाल गेली, त्यांना पुन्हा हिंडतंफिरतं करायची ही जागा. आत व्यायामाच्या खोल्या होत्या, भिंतींना धरायला दांड्या होत्या आणि सगळ्यात कौतुकाचा म्हणजे कोमट पाण्याचा एक हौद होता. जो हात बाहेर जागचा हलत नाही, तो म्हणे त्या पाण्यात आपसूक वर येतो. पुढच्या दाराला पायऱ्या नव्हत्या. व्हीलचेअर सहज जावी म्हणून तिथे लांबलचक, हलका चढ केलेला होता. मागच्या दाराला मात्र चांगल्या उंच पायऱ्या होत्या, कारण ते दार कर्मचाऱ्यांचं.

ठेकेदाराने मला चढाच्या तोंडाशी स्वतःच्या हातांनी बांधलं. माझं एक टोक त्याने पोर्चच्या खांबाला गुंडाळलं. दुसरं टोक घेऊन तो दुसऱ्या बाजूला गेला आणि तिथे नुसताच उभा राहिला, कारण तिकडे बांधायला काही नव्हतंच. चढाच्या कडेला कठडा बसवायचा राहून गेला होता. इकडेतिकडे बघून त्याने वाळूने भरलेला एक डबा आणला, त्यात बांबू खोचला, बांबूला पांढरा कागद गुंडाळला आणि मला त्याला बांधून टाकलं.

सरकारी अभियंता शेजारीच होते. त्यांनी विचारलं, "आणि कठड्याचं काय?"

"पॉलिशला दिलाय साहेब. उद्या पाहुणे यायच्या आत चकचकीत करून बसवतो की नाही बघा!"

साहेबांनी मान डोलावली. मागच्या दारापाशी चाव्या त्यांच्या हातात पडल्या, दोघांनी हात मिळवले, आणि मी उद्याची वाट बघत छाती काढून उभी राहिले.

ते 'उद्या' काही येईना. पाहुण्यांना आधी परदेश दौरा होता, मग त्यांचा घसा बसला, मग म्हणे हवा बरी नव्हती. कार्यक्रम पुढे गेला तसा कठडाही पुढे गेला. मधल्या काळात त्या अभियंत्यांची बदली झाली आणि 'पॉलिशला दिलाय' हे वाक्य त्यांच्याबरोबरच गेलं. दीड-दोन वर्षं मी ऊन खाल्लं, धूळ खाल्ली. माझा लाल रंग विटून गुलाबी झाला. एक मांजर रोज माझ्याखालून ऐटीत ये-जा करायची, आणि तिच्याशिवाय त्या दाराने कुणी आत गेलं नाही.

याचं मला फार नवल वाटायचं. माझ्यात दम तो काय? एक बोट लावलं असतं तरी मी झुकले असते. पण माणसं भिंतीवरून उडी मारतील, कुंपणाला भोक पाडतील, फीत काही ओलांडणार नाहीत. "अजून उद्घाटन व्हायचंय," असं म्हणत जो तो इमारतीला वळसा घालून मागे जायचा.

होय, मागे. कारण केंद्राच्या प्रमुख डॉक्टरबाईंना हातावर हात ठेवून बसणं जमेना. त्यांनी टेबल मांडलं, दोन मदतनीस घेतले आणि मागच्या दाराने काम सुरू केलं. ज्यांना पायऱ्या चढता येत त्यांचे व्यायाम होऊ लागले. आता पायऱ्या चढता येणाऱ्याला या केंद्राची गरज केवढी, हा प्रश्न मला पडायचा. पण फितीला विचारतो कोण?

एके दिवशी टेलरकाकू आल्या. आयुष्यभर शिवणकाम केलेली बाई. अख्ख्या गल्लीचे कपडे त्यांच्या हाताखालून गेलेले, म्हणून सगळे त्यांना टेलरकाकूच म्हणत. झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली होती. पाय ओढत का होईना थोडा हलायचा, पण हात मुठीसारखा मिटलेला. सुनेने व्हीलचेअर ढकलत माझ्यापर्यंत आणली, मला बघितलं आणि जीभ चावून खुर्ची मागे वळवली. मागून मग जी धांदल ऐकू आली ती अशी:

"अरे धर, धर नीट! तिरकी कर जरा!"

"मी काय कपाट आहे का रे, तिरकं करून चढवायला?" हा काकूंचा आवाज.

त्या दिवशी काकूंना चौघांनी उचलून आत नेलं आणि चौघांनी उचलून बाहेर आणलं. जाताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "पुन्हा नाही यायचं इथे," त्या सुनेला म्हणाल्या. आणि खरंच, बरेच महिने त्या आल्या नाहीत. मला मेलीला फार लागलं ते. त्यांची वाट मीच तर अडवून उभी होते.

मग एका दुपारी त्या परत आल्या. सुनेनेच कसं तरी मन वळवलं असावं. माझ्यासमोर खुर्ची थांबली. सून मागच्या वेळेसारखी मागे वळायला लागली तशी काकू म्हणाल्या, "थांब. माझी पिशवी दे."

"आई, काय करताय?"

"शिवणाऱ्या बाईच्या पिशवीत काय असतं?"

पिशवीतून कात्री निघाली. जुनी, लोखंडी, धार लावून लावून पाती झिजलेली. उजवा हात तर मिटलेला, म्हणून त्यांनी ती डाव्यात धरली. कात्री उजव्या हाताची, त्यामुळे डाव्याने ती काही नीट चालेना. दोनदा मी नुसतीच दुमडले. "अगं, ताण तिला जरा," काकू सुनेवर ओरडल्या. सुनेने मला ताणलं आणि कचकन माझे दोन तुकडे झाले. टाळ्या नाहीत, फोटो नाही. मांजर मात्र हजर होती.

काकूंनी सुनेकडून माझ्या दोन्ही गाठी सोडवून घेतल्या आणि तुकडे मांडीवर घेतले. "चांगलं साटिन आहे. टाकायचं कशाला?" म्हणाल्या, आणि आमची स्वारी चढावरून निघाली. अर्ध्यावर सुनेचा हात घसरला, खुर्ची कडेला गेली आणि एक चाक चढाबाहेर लटकलं. सुनेने खुर्ची मागे ओढली नसती तर मी आज हे सांगायला नसते आणि काकूही नसत्या. आरडाओरडा ऐकून डॉक्टरबाई धावत आल्या.

"इथे कठडा कुठाय?" त्यांनी विचारलं.

"ते मला काय विचारता? मी कपडे शिवते," काकू धापा टाकत म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी त्याच दिवशी ठेकेदाराला फोन केला आणि कठडा बसेपर्यंत त्या वाटेने एकही खुर्ची येऊ दिली नाही. आठवड्याभरात कठडा बसला. चकचकीत होता हे मात्र खरं. दुसऱ्या दिवसापासून व्हीलचेअरची रांग लागली, हौदात माणसं उतरू लागली आणि केंद्र खऱ्या अर्थाने नांदतं झालं.

पुढे काही महिन्यांनी मोठ्या पाहुण्यांना सवड मिळाली. माझ्या एका धाकट्या बहिणीला त्या नव्या कठड्याला बांधलं, कापलं, टाळ्या झाल्या, फोटो झाले. दीडशे माणसं आत-बाहेर करत असलेल्या इमारतीचं उद्घाटन झालं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. मला तिचा हेवा वाटला नाही. थोडासा वाटला.

तोवर मी कामाला लागले होते. डॉक्टरबाईंनी मला काकूंच्या मांडीवर पाहिलं आणि म्हणाल्या, "हिचीच गाठ मारायचा सराव करा. साटिन निसरडं असतं, बोटांना चांगला व्यायाम." झालं! रोज सकाळी काकू हौदात उतरायच्या, पाण्यात त्यांची मूठ हळूहळू उघडायची, आणि मग काठावर बसून त्या माझ्याशी झोंबायच्या. मी निसटायची. त्या मला शिव्या द्यायच्या. मी पुन्हा निसटायची. मुद्दाम नव्हे हो, माझा स्वभावच तो! वर्षभराने अंगठा हलला. पुढे पहिलं बोट हललं. एक दिवस त्यांनी उजव्या हाताने मला धरून ठेवलं, नुसतं धरून ठेवलं, आणि सुनेने हौदावर असलेल्या सगळ्यांना हाका मारून ते दाखवलं.

"पुढच्या वर्षी मशीनवर बसते की नाही बघ," काकू म्हणाल्या. सुनेला तो सगळा आनंद सोसवेना, ती बाजूला जाऊन रडून आली.

आणि नेमकं तेव्हाच हौदाचं पाणी कमी व्हायला लागलं. रात्री भरलेला हौद सकाळी वीतभर उतरलेला असे. मग शेजारच्या खोलीच्या भिंतीला ओल आली, रंगाचे पापुद्रे सुटले, फरशी एका कोपऱ्यात खचली. तपासल्यावर कळलं, हौदाच्या तळाशी पाइप जिथे भिंतीत शिरतो तो सांधा बांधतानाच नीट भरलेला नव्हता. पाणी पहिल्यापासून आतल्या आत झिरपत होतं, फक्त दिसायला इतका काळ गेला. डॉक्टरबाईंना हौद बंद करावा लागला.

सरकारी कामात एक चांगली गोष्ट असते. काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर ठेकेदाराने तो आपल्या पदरचा खर्च करून दुरुस्त करायचा. पण तीन वर्षं मोजायची कुठून? भांडण लागलं ते तिथे. ठेकेदार म्हणे, मी चाव्या दिल्या त्या दिवसापासून, म्हणजे मुदत केव्हाच संपली. नवे अभियंता साहेब म्हणत, उद्घाटनापासून, म्हणजे मुदत अजून बक्कळ शिल्लक आहे. पत्रावर पत्रं गेली. इकडे हौद कोरडा पडला आणि काकूंची बोटं पुन्हा मिटायला लागली. मी हातात असायची, पण त्यांना माझी गाठ काही जमेना. मशीनचं नाव त्यांनी काढणं सोडून दिलं.

शेवटी निवाडा करायला एक लवाद नेमले गेले. वयस्कर गृहस्थ, मोजकं बोलणारे. त्यांनी सांगितलं, कचेरीत बसून मला इमारत कळत नाही, तिथेच जमू. केंद्राच्या बाहेरच्या पोर्चमध्येच टेबल मांडलं. डॉक्टरबाई होत्या, साहेब होते, ठेकेदार होता, आणि कोणी बोलावलेलं नसताना टेलरकाकूही येऊन बसल्या होत्या. मी त्यांच्या मांडीवर होते.

लवादांनी आधी साहेबांची फिरकी घेतली. "समारंभापासून मुदत मोजायची म्हणता? आणि पाहुणे दहा वर्षं आलेच नाहीत तर? या माणसाने दहा वर्षं टांगून राहायचं का? समारंभाशी कराराचा काही संबंध नाही."

ठेकेदाराचा चेहरा उजळला. मी काकूंच्या हातात चुरगळले. त्यांनी मला घट्ट आवळलं होतं.

"मग चाव्या दिल्या तीच तारीख धरा साहेब," तो म्हणाला.

"चाव्या कुणीही कुणाला देतो. करारात लिहिलंय, इमारत ज्या कामासाठी बांधली त्या कामाला वापरता येईल अशी झाली, तो दिवस. त्या दिवशी ती तशी झाली होती का, ते सांगा."

"झाली होती म्हणजे काय! या बाई मागच्या दाराने काम करतच होत्या. आणि तुम्हाला सांगतो, मी स्वतः फीत बांधली. या माझ्या हातांनी! अर्धवट कामाला कोणी फीत बांधतं का?"

"नाही बांधत," लवाद म्हणाले. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि सहज चढाकडे पाहिलं. "कुठे बांधली होतीत?"

"इथेच की! एक टोक या खांबाला."

"आणि दुसरं?"

"दुसरं बांबूला."

उचलली जीभ लावली टाळ्याला! शब्द तोंडातून गेल्यावर त्याला कळलं आणि तो जागच्या जागी थिजला.

"बांबूला?" लवादांनी विचारलं. "एवढा सुरेख कठडा इथे असताना बांबूला कशाला?"

सगळ्यांनी कठड्याकडे वळून पाहिलं. इतके दिवस चाव्या आणि समारंभ यांवर भांडताना कठडा कुणाच्या ध्यानातच आला नव्हता. एकदा बसल्यावर तो जणू कायम तिथेच होता असं सगळ्यांनी धरलं होतं. मला तोंड असतं तर मी कधीच ओरडले असते. पण ओरडल्या टेलरकाकू.

"अगंबाई! कठडा नव्हताच की! माझी खुर्ची पडत होती इथून! सुनबाई, आठवतं ना गं?"

"न आठवायला काय झालं आई? माझे हात आठवडाभर दुखत होते."

डॉक्टरबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "मीच तर फोन केला होता. कठडा बसेपर्यंत मी एक खुर्ची आत घेतली नाही. आणि हे मी इतक्या पत्रांत एकदाही लिहिलं नाही!"

ठेकेदाराने शेवटचा प्रयत्न केला. "अहो, पण सगळं झालं होतं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, एवढंच ना?"

"भिंतीचा रंग राहिला असता तर मी त्याला शेपूट म्हटलं असतं," लवाद म्हणाले. "दाराची कडी राहिली असती तरी म्हटलं असतं. पण ज्यांना पाय नाहीत त्यांच्यासाठी तुम्ही घर बांधलंत, आणि त्यांची आत यायची वाटच राहिली. हे शेपूट कसं म्हणू मी?"

मुदत कठडा बसला त्या दिवसापासून मोजायची, असं ठरलं. त्या हिशेबाने हौदाची तक्रार मुदतीतच होती. खरं सांगू का, मला थोडा झटका बसला. मला वाटत होतं, इतिहास माझ्या कापण्यापासून सुरू झाला. लवादांच्या लेखी चाव्यांना किंमत नव्हती, माझ्या बहिणीला नव्हती आणि मलाही नव्हती. फीत कापल्याने इमारत पूर्ण होत नाही, हे भर सभेत ऐकून घ्यावं लागलं. पण काकूंची मूठ माझ्याभोवती सैल झाली होती, आणि मग मला मानापमानाचं काही वाटेनासं झालं.

ठेकेदार मनाने वाईट नव्हता. आठवडाभर घुश्शात होता, मग स्वतः येऊन हौदाच्या कडेला उकिडवा बसला आणि सांधा फोडून नव्याने भरून घेतला. काम चालू असताना काकू रोज येऊन बघत बसायच्या. "नीट भरा हो, मला पुन्हा कात्री काढायला लावू नका," असं त्यांनी म्हटल्यावर तोही हसला. जाताना त्याने मला ओळखलं. "ही तीच का? काय रंग उडालाय हिचा!" म्हणाला. तुझ्यामुळेच की रे बाबा.

हौद पुन्हा भरला. काकूंची गेलेली बोटं परत यायला वेळ लागला, पण आली. परवा सकाळी त्या घरी खिडकीपाशी बसल्या होत्या. मशीन समोर होतं, पण ते त्यांनी उघडलं नाही. सुनेकडून सुई ओवून घेतली, माझे दोन्ही तुकडे मांडीवर घेतले, कापलेली टोकं एकमेकांवर ठेवली आणि उजव्या हाताने टाके घालायला लागल्या. एक टाका लांब, एक आखूड, एक भलतीकडेच. सुई दोनदा हातातून पडली. शेवटी दोरा तोडून त्यांनी मला उजेडात धरलं.

"कसं झालंय आई?" सुनेने विचारलं.

"वाकडं," काकू म्हणाल्या. "गिऱ्हाइकाचं असतं तर उसवून टाकलं असतं."

त्यांनी उसवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी वाकडा टाका तसाच राहू दिला आणि माझ्यावरून कितीतरी वेळ हात फिरवत बसल्या. उजवा हात.

आता मी त्यांच्या काठीच्या मुठीला बांधलेली असते. होय, काठीच्या. चढावरून त्या हल्ली चालत जातात, एका हातात काठी आणि दुसरा कठड्यावर. मी विटलेली आहे, मधोमध शिवण आहे, फोटोत घ्यावी अशी राहिलेले नाही. पण सुखात आहे. तुम्हाला एकच सांगणं आहे. दार तयार झालं असेल तर आमच्यासाठी कुणाला बाहेर ताटकळत ठेवू नका, आणि तयार झालं नसेल तर ते झाकायला आम्हाला बांधू नका. चला, काकू निघाल्या. हौदाची वेळ झाली.